पूर आजवा धरणाने आणला की तापलेल्या समुद्राने? काकांना उत्तर द्यायचंय

रानजाई (बडोदं) – ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

आमच्या जिन्याखालच्या भिंतीवर पुराच्या तीन खुणा आहेत. २००५ची आणि २०१९ची सासऱ्यांनी गेरूने ओढलेली. २०२४ची मी ओढली, कारण तोवर ते गेले होते. पहिल्या दोन माझ्या गुडघ्याच्या आसपास आहेत. तिसरी ओढायला स्टुलावर चढावं लागलं.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. २०२४ची गोकुळाष्टमी २६ ऑगस्टला होती. त्या दिवशी पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. नंतर पाऊस उतरला, लोक गच्चीवर येऊन एकमेकांना हाका मारायला लागले, आणि नदी चढली ती तेव्हा. काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, ती ३५ फुटांच्या वर गेली. आम्ही वरच्या मजल्यावर दोन रात्री काढल्या. खाली फ्रिज पाठीवर तरंगत होता आणि पाणी हललं की स्वयंपाकघराच्या दारावर आपटत होता. तो आवाज माझ्या धाकट्याच्या कानातून अजून गेलेला नाही. पाणी ओसरलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मगर पडून होती. ती धरून नेईपर्यंत कुणी दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी काका मांजलपूरहून ट्रॅक्टरवर बसून आले. काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, निवृत्त इंजिनियर. पाण्याचे कॅन, खाखरे, मेणबत्त्या, सगळं घेऊन आले आणि पुढचे चार दिवस आमच्याबरोबर गाळ उपसत होते. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना त्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं लिहिणार नाही.

परवा त्यांनी घरच्या ग्रुपवर एक निरोप पुढे पाठवला. "अमेरिकेच्या सरकारनेच आता मान्य केलं आहे की हवामानबदल हे थोतांड आहे, शास्त्रज्ञ अनुदानासाठी घाबरवतात", असा काहीसा. खाली त्यांनी स्वतः लिहिलं: "आपल्या पुराला आजव्यातून सोडलेलं पाणी आणि बुजवलेली कोतरं (नदीकाठच्या घळी) जबाबदार. १९२७ सालीही बडोदं बुडालं होतं, तेव्हा कुठे होता हा कार्बन?"

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अर्धं उत्तर माझ्याकडे आहे, अर्धं नाही. त्या अमेरिकेच्या अहवालात खरोखर काय आहे? आणि पुराबद्दल काकांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, तर मग बोलायचं कसं? मला त्यांना हरवायचं नाही. त्यांनी ऐकावं एवढंच वाटतं.

दांडियाबाजार – ८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, काकांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पावागडाकडून येणारं पाणी आजव्यात, आजव्याचं विश्वामित्रीत, आणि विश्वामित्रीचं पात्र आपण लोकांनी काय करून ठेवलं ते रोज पुलावरून दिसतं. लहानपणी समा-हरणीकडे सायकलने जायचो तेव्हा दोन्ही बाजूंना कोतरं होती, माणूस उतरला तर दिसायचा नाही इतकी खोल. पुराचं पाणी त्यात शिरून थांबायचं. आज तिथे भराव टाकून घरं आणि दुकानं झाली आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ सालीच नदीबद्दल आदेश दिला होता. पात्र खोल-रुंद करायला यंदाच्या पावसाळ्याआधी यंत्रं उतरली, म्हणजे बुडून झाल्यावर.

माझ्या गोदामातला माल गेला. कुणाच्या हलगर्जीपणाने गेला ते इथे लिहीत नाही. पण भरपाईचा विषय काढला की समोरचा माणूस हात आभाळाकडे करतो आणि 'क्लायमेट चेंज' म्हणतो. तो शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. ज्यांनी नाले बुजवले त्यांना हा शब्द फार सोयीचा पडला आहे.

सकाळचे_साडेआठ (बडोदं) – ८ नोव्हेंबर, रात्री १०.५०

वाचतोय. उद्या लिहितो, विषय घरचा आहे.

नभोमापी (पुणे, मूळचा रावपुऱ्याचा) – ९ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

रानजाई, तोच निरोप मलाही दोन ठिकाणांहून आला. आधी अमेरिकेचं सांगतो.

जुलै २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पाच जणांकडून लिहून घेतलेला एक अहवाल बाहेर काढला. त्याच सुमारास तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, हरितगृह वायू लोकांच्या आरोग्याला घातक आहेत हा आपलाच २००९चा निष्कर्ष मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. या दोन बातम्या एकत्र मळून तुमच्या काकांचा निरोप तयार झाला आहे. पण 'थोतांड' असं त्या अहवालातही म्हटलेलं नाही. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, पृथ्वी तापते आहे, हे ते पाचही जण मानतात. त्यांचं म्हणणं इतकंच की नुकसान सांगितलं जातं तेवढं होणार नाही आणि मोठे उपाय जास्त महाग पडतील. काकांना पहिल्यांदा हे दाखवा. ज्यांचा दाखला दिला तेही निरोपाच्या बाजूचे नाहीत.

त्या अहवालाला सप्टेंबरच्या सुरुवातीला ८५हून जास्त शास्त्रज्ञांनी चारशेवर पानांचं उत्तर दिलं, मुद्द्यागणिक. अहवालात कुठे जुने आकडे घेतले, कुठे एखाद्या निबंधातलं सोयीचं वाक्य उचलून पुढचं सोडलं, सगळं. आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने स्वतंत्रपणे पुरावा तपासून सांगितलं की २००९चा निष्कर्ष बरोबर होता आणि आज त्याला तेव्हापेक्षा भक्कम आधार आहे.

पण मला काकांना एक गोष्ट सांगाविशी वाटते, कारण ते इंजिनियर आहेत आणि त्यांना ती पटेल. त्या पाचांत जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर हे दोघे आहेत. १९९० साली त्यांनी उपग्रहांवरून हवेचं तापमान काढून दाखवलं. काम खरंच मोठं होतं. उपग्रहाला हवेत थर्मामीटर धरता येत नाही. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूंमधून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी तो टिपतो आणि त्यावरून तापमान काढावं लागतं. त्या आकड्यांत तापमानवाढ जवळजवळ दिसत नव्हती. कितीतरी वर्षं हाच मोठा आक्षेप होता: जमिनीवरचे थर्मामीटर काहीही म्हणोत, उपग्रह तर वाढ दाखवत नाही.

१९९८ साली फ्रँक वेंट्झ आणि मथायस शाबेल यांनी दाखवलं की उपग्रह हळूहळू खाली येत असतो. त्या उंचीवरही हवेचा किंचित अडथळा असतो. खाली आल्याने त्याच्या बघण्याचा कोन बदलतो आणि आकड्यांत खोटी थंडी मिसळते. २००५ साली कार्ल मियर्स आणि वेंट्झ यांनी आणखी एक चूक शोधली. उपग्रहाची एखाद्या जागेवरून जायची वेळ वर्षागणिक सरकते. दुपारी दोनला जाणारा काही वर्षांनी संध्याकाळकडे जायला लागतो, आणि संध्याकाळ थंड असतेच. ती तफावत काढून टाकायला हवी होती, पण दुरुस्तीत अधिक-उणं उलटं लागलं होतं. क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी चूक मान्य केली आणि आकडे सुधारले. आज त्यांच्याच मालिकेत दर दशकाला ०.१५ अंशाच्या आसपास वाढ दिसते.

हे सगळं कुणी उकरून काढलं? दुसऱ्या शास्त्रज्ञांनीच. अनुदानासाठी सगळे एका सुरात बोलतात हे म्हणणं या गोष्टीपुढे टिकत नाही. इथे नाव होतं ते दुसऱ्याची चूक सापडल्यावर.

अवंतिका (इंदूर) – ९ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

मी शंका घेणाऱ्यांतली आहे, आणि मनापासून विचारते आहे. २००९ साली इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या ईमेल फुटल्या, त्यात आकडे लपवण्याची भाषा होती असं तेव्हा वाचलं होतं. मग हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने छापलं आणि ते चुकीचं निघालं. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यानंतर माझा या सगळ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या का?

नभोमापी – ९ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

दोन्ही घडल्या. हिमनद्यांची चूक तर निखालस चूक होती. २००७च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, जिथे परिणामांची चर्चा आहे तिथे, एक परिच्छेद नीट न तपासलेल्या स्रोतावरून आला. हिमनद्यांचं मूळ शास्त्र पहिल्या खंडात होतं, तिथे असं काही नव्हतं. चूक दाखवली ती हिमनद्यांवर काम करणाऱ्यांनीच, आणि समितीने जानेवारी २०१०मध्ये ती जाहीरपणे मागे घेतली. हिमनद्या वितळताहेत हे मात्र खरं राहिलं.

ईमेलबद्दल ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मिळून अनेक चौकश्या झाल्या, संसदीय समितीचीही. आकड्यांची माहिती मागणाऱ्यांशी ते लोक मोकळेपणाने वागले नाहीत असा ठपका आला, आणि तो योग्यच होता. आकडे बनावट होते असं एकाही चौकशीत निघालं नाही. त्यानंतर रिचर्ड म्युलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने, जो स्वतः साशंक होता, बर्कलीत वेगळा गट जमवला. जमिनीवरच्या थर्मामीटरच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून तपासल्या. उत्तर तेच आलं, आणि २०१२ साली त्याने आपलं मत बदलल्याचं लिहिलं.

तुमचा विश्वास उडाला यात तुमचा दोष मला वाटत नाही. चुकीची बातमी पहिल्या पानावर आली आणि चौकशीचा निकाल आतल्या पानावर.

ग्वाल्हेरी_गच्ची – ९ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७ला टेकतो, त्यामुळे गरमी वाढली हे मला कुणी सांगायला नको. पण एक विचारतो. पूर्वी वेधशाळा गावाबाहेर असायच्या, आता त्यांच्याभोवती शहर झालं. डांबर, काँक्रीट, एसीची गरम हवा. मग थर्मामीटर शहराची गरमी मोजतोय की पृथ्वीची?

सकाळचे_साडेआठ – ९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

याचं उत्तर मी देतो, आणि कालचं राहिलेलंही लिहितो.

शहराचा ताप खरा आहे, आणि आकडेमोड करताना तो वेगळा काढतात. पण समुद्रावर कुठलं शहर आहे? जास्तीच्या उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रात गेली आहे. समुद्रात हजारो तरंगते मापक सोडलेले आहेत, ते २००० मीटर खोल जातात, वर येतात आणि उपग्रहाला आकडे कळवतात. तिथेही तीच वाढ दिसते.

आता माझं नाव. माझे वडील एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि तिथल्या पर्जन्यमापकाची नोंद त्यांच्याकडे होती. हवामान खात्याचा पाऊस देशभर सकाळी साडेआठलाच मोजतात. त्यामुळे आमच्या घरात साडेआठ ही वेळ देवपूजेसारखी होती. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो. उघड्या जागी, झाडापासून लांब, छोट्या कुंपणात ते यंत्र असायचं. वर नरसाळं, आत बाटली. वडील बाटली काढायचे, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, मग पायरीवर मोजपात्र ठेवून स्वतः उकिडवे बसायचे, डोळे पाण्याच्या रेषेशी समपातळीत येईपर्यंत. पाणी काचेला कडेने जरा वर चढतं, ते धरायचं नाही, मधला खोलगट भाग वाचायचा. मी उभ्याने वाचून आकडा सांगितला की म्हणायचे, "खाली बस, मग सांग." मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत लिहायचे. पाऊस शून्य असला तरी जायचे आणि शून्य लिहायचे.

जोराचा पाऊस असला की बाटली भरून वाहायची भीती. अशा दिवशी ते रात्रीही डोक्यावर पोतं घेऊन जायचे, मधेच पाणी मोजून कागदावर टिपायचे आणि सकाळी साडेआठला सगळ्याची बेरीज. एकदा ताप होता, आईने अडवलं, तर म्हणाले की आजचं पाणी उद्याच्यात मिसळलं तर दोन्ही दिवस खोटे होतील. कचेरीच्या रजिस्टरात लिहून झालं की घरच्या वहीत उतरवायचे. अशा सव्वीस वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत.

आणखी एक, कारण यावरून फार गैरसमज होतात. बडोद्याचा पाऊस वर्तमानपत्रात एक येतो आणि हवामान खात्याचा वेगळा, मग लोक म्हणतात यांच्यात मेळ नाही. राज्याच्या आपत्ती कक्षाची नोंद सकाळी सहा ते सहा असते, हवामान खात्याची साडेआठ ते साडेआठ. सकाळी सहा ते साडेआठच्या मधे मोठी सर आली तर ती एकाकडे कालच्या खात्यात पडते आणि दुसऱ्याकडे आजच्या.

हवामान खातं १८७५चं. अॅना मणी या बाईंनी शंभराच्या आसपास हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे सगळीकडची उपकरणं एकाच मापाची राहावीत. त्यामागे अशा सकाळी आहेत. कुणी त्याला थोतांड म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे उकिडवे बसलेले वडील येतात आणि मला फार वाईट वाटतं.

अवंतिका – ९ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

साडेआठदादा, हे वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही.

बांधावरून (पादऱ्याजवळ) – ९ नोव्हेंबर, दुपारी १.००

आमची अडीच एकर भात आहे. दिवाळी झाली, भात कापून शेतात वाळत टाकला, आणि मावठा (अवकाळी पाऊस) आला. एक दिवसाचा नाही, रोजचा. पेंढ्या उलटवून पाहिलं तर दाण्याला कोंब. मुठीत घेतला तर दाणा गरम लागत होता, आतून कुजायला लागला की लागतो तसा. कोरडी जागा नव्हती, उचलून नेणार कुठे? वडील ७८ वर्षांचे आहेत, मावठा त्यांनी थंडीत पाहिलेला, तुरीच्या फुलोऱ्यात. कापणीला असा पाहिला नाही म्हणतात.

मला एकच सांगा. हे हवामानबदलाने झालं का? हो की नाही.

नभोमापी – ९ नोव्हेंबर, दुपारी २.१५

दादा, तुमच्या शेताचं वाचून वाईट वाटलं. हो-नाहीत उत्तर दिलं तर मी तुम्हाला फसवेन. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र रेंगाळलं आणि त्याने हा पाऊस आणला. हेच क्षेत्र समुद्र थंड असता तर आलं असतं का, आलं असतं तर किती पाऊस दिला असता, हे संगणकावरचं हवामानाचं मॉडेल दोन्ही परीने चालवून काढावं लागतं. ते न करता मी हो म्हणालो तर नाले बुजवणाऱ्यांत आणि माझ्यात फरक राहणार नाही. दांडियाबाजारकरांचा राग मला इथेच पटतो.

जे पक्कं माहीत आहे ते सांगतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १९५० ते २०१५च्या नोंदी तपासल्या, साडेआठदादांच्या वडिलांसारख्यांनी लिहिलेल्या. गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात एकूण पाऊस थोडा घटला आहे, पण मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस तिपटीने वाढला आहे. आणि त्याला लागणारं जादा बाष्प उत्तर अरबी समुद्रावरून येतं, म्हणजे आपल्या दारातून.

२०१९ला ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला. २०२४च्या ऑगस्टमध्ये जी प्रणाली आपल्यावर बसली तीच पुढे कच्छवरून समुद्रात गेली आणि 'असना' नावाचं चक्रीवादळ झाली. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होणं १९७६ नंतर पहिल्यांदाच घडलं. एकेक घटना घेऊन शपथ घालता येत नाही. पण उत्तरायणाला कापलेला पतंग कुठल्या गच्चीवर पडेल हे सांगता येत नसलं तरी वारा कुठल्या बाजूचा आहे हे गच्चीवरचं पोरही सांगतं. तसा वारा आता कळतो आहे.

दांडियाबाजार – ९ नोव्हेंबर, दुपारी ३.००

हे ऐकायला बरं वाटलं. आजवर मला कुणी 'यातलं एवढं आम्हाला माहीत नाही' असं म्हटलंच नव्हतं. म्हणजे पाणी जास्त आलं हेही खरं आणि जागा आपण बुजवली हेही खरं.

नभोमापी – ९ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

तसंच. आणि पाणी जास्त येणार असेल तर जागा बुजवणाऱ्याचा दोष वाढतो, कमी होत नाही.

रानजाई – ९ नोव्हेंबर, रात्री ८.४५

सगळ्यांचे आभार. आज दुपारी काकांकडे गेले होते. धागा छापून नेला, कारण ते फोनवर लांबलचक वाचत नाहीत. जे झालं ते सांगते.

सुरुवात मी पुरापासून केली. म्हटलं, काका, आजवा आणि कोतरांबद्दल तुमचं बरोबर आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं मी तेच खोडायला आले आहे. मग ते स्वतःच म्हणाले, "तरी एवढा पाऊस एका दिवसात, हे मी माझ्या नोकरीत धरलं नव्हतं हं. आम्ही नाल्याचं गणित जुन्या पावसावर करायचो." मग बराच वेळ त्यावरच बोलत राहिले, की पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर बांधलेला पूल आजच्या पावसात काय करेल.

१९२७चं मी असं सांगितलं की पूर तेव्हाही आला, दुष्काळ तर छप्पनियाचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००चा) सगळ्यांना ठाऊक आहे. निसर्ग स्वतःहूनही करतो. पूर्वी ताप यायचा म्हणून आजच्या तापाचं कारण शोधायचं नाही, असं डॉक्टर म्हणत नाही. ते हसले, पण लगेच विचारलं: "मग कारण आपलंच हे कशावरून? सूर्य नाही कशावरून?" इंजिनियर आहेत, इथे थातूरमातूर चाललं नसतं.

वर्गात सांगते तेच सांगितलं. थंडीत गोधडी घेतली की अंग गरम होतं, पण गोधडीची बाहेरची बाजू गार राहते, कारण ऊब आत अडकली. सूर्य जास्त तापला असता तर हवेचे सगळे थर तापले असते, वरचेसुद्धा. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्थितांबर म्हणतात तो, थंड होतोय. स्युकुरो मनाबे यांनी १९६७ साली गणिताने हे आधीच सांगितलं होतं. २०२१चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. उपग्रह वरच्या थरांचं तापमान मोजायला लागले तेव्हा तसंच निघालं. "आधी सांगितलं आणि मग मोजलं?" काकांनी दोनदा विचारलं. हो म्हटल्यावर पेन्सिलीने कागदावर खूण केली.

मग हवेतला कार्बन डायऑक्साइड. हवाई बेटांवरच्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजायला सुरुवात केली तेव्हा दर दहा लाखांत ३१५ भाग होता. जागतिक हवामान संघटनेने गेल्याच महिन्यात सांगितलं की २०२४ची जगाची सरासरी ४२३.९, आणि एका वर्षातली ३.५ भागांची उडी ही मोजायला लागल्यापासूनची सगळ्यात मोठी. काका म्हणाले, ज्वालामुखीतूनही येतो. येतो, पण माणूस सोडतो त्याच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. आणि कोळशातल्या कार्बनला त्याची ओळख असते. झाडं हलका कार्बन जास्त घेतात, कोळसा म्हणजे जुनी झाडं, त्यामुळे त्यात जड कार्बन कमी असतो. हवेतलं जड कार्बनचं प्रमाण घटत चाललं आहे, म्हणजे भर कुठून पडते ते कळतं. जाळायला ऑक्सिजन लागतो, तर हवेतला ऑक्सिजनही त्या हिशोबाने किंचित कमी होतोय. ते मोजतात कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ. बाप एक मोजत होता, मुलगा दुसरं मोजतोय, हे काकांना फार भावलं.

ते मौना लोआचं केंद्र चालवणाऱ्या कार्यक्रमाचा पैसा बंद करायचा प्रस्तावही यंदा अमेरिकेच्या अंदाजपत्रकात आला, हे मी सांगितलं तेव्हा मात्र ते गप्प झाले. मग म्हणाले, "मत पटत नसेल तर वाद घाला. मोजणं का बंद करायचं?" तो निरोप त्यांनी ग्रुपवरून काढलेला नाही. मी तसं सांगितलंही नाही. खाली त्यांनी एवढंच लिहिलं की हा अहवाल मी स्वतः वाचलेला नाही, सूनबाईंकडून कळलं ते वेगळं आहे, वाचून सांगतो.

निघताना त्यांनी साडेआठदादांचा प्रतिसाद पुन्हा वाचला. त्या २६ वर्षांच्या वह्या पाहायला मिळतील का, असं विचारायला सांगितलं आहे. कागदावर काढून बघायचं म्हणतात, मोठ्या पावसाचे दिवस किती आणि कधी. त्यांना गणित करायला हात शिवशिवताहेत.

बांधावरून – ९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

काकांना नमस्कार सांगा. आमच्या तालुक्याचा पाऊस असेल त्यात तर मलाही बघायचा आहे.

सकाळचे_साडेआठ – ९ नोव्हेंबर, रात्री ९.३५

जरूर या. येत्या रविवारी सकाळी घरीच आहे, पत्ता निरोपातून कळवतो. वह्या लोखंडी पेटीत आहेत. गेल्या वर्षीच्या पुरात पेटीत पाणी शिरलं होतं, तेव्हा खालच्या तीन वह्या भिजल्या. मी त्या पंख्याखाली वाळवल्या आणि पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घातले, पण काही पानं अजून चिकटलेली आहेत. वडील निळ्या शाईने लिहायचे, ती थोडी पसरली आहे. आकडे वाचता येतात. काकांना म्हणावं भिंग घेऊन या, आणि ती पानं मला सोडवू द्या, घाईने ओढली तर फाटतील.